शोभेची कोळंबी: कात, पाणी आणि पिल्लं

टाकीच्या तळाशी किंवा मॉसमध्ये अडकलेलं, मिशा-पायांसकट शाबूत, काचेसारखं पारदर्शक कवच दिसलं की नवा माणूस हबकतो. कोळंबी मेली असंच वाटतं. पण ती कात असते. चिमट्याने उचलून उजेडात धरली तर डोक्या-छातीवरचं टोपण आणि मागचं अंग जिथं जुळतं तिथं पाठीवर फट दिसते. अंगाला एक झटका देऊन कोळंबी त्या फटीतून बाहेर पडलेली असते. मेलेली कोळंबी वेगळी दिसते: दुधी-गुलाबी, अपारदर्शक, उकडल्यासारखी. कात टाकीतच राहू द्यावी, कोळंब्या ती कुरतडतात आणि त्यातली खनिजं परत पोटात जातात. मेलेली मात्र दिसताक्षणी काढावी.

या छंदातलं जवळजवळ सगळं कातीपाशी येऊन थांबतं. कोळंबीचं कवच ताणलं जात नाही. वाढायचं तर जुनं टाकायचं, पाणी शोषून अंग फुगवायचं आणि आतलं मऊ कवच त्या मापाला घट्ट होऊ द्यायचं. पिल्लं दर काही दिवसांनी कात टाकतात, मोठ्या साधारण ३ ते ५ आठवड्यांनी. मादीचं मीलन कात टाकल्यावरच होतं. आणि ज्या कोळंब्या ‘काही कारण नसताना’ मेल्या म्हणून लोक सांगतात, त्यांतल्या पुष्कळ कात टाकताना अडकून मेलेल्या असतात. तेव्हा पाण्याचा आकडा असो की खाण्याचा तुकडा, विचारायचा प्रश्न एकच: याने कात नीट पडेल का?

कोणती घ्यावी

पहिली टाकी असेल तर निओकॅरिडिना डेव्हिडीच घ्यावी, म्हणजे चेरी कोळंबी आणि तिचे रंगभाऊ: लाल, पिवळी, नारिंगी, निळी, काळी, हिरवी आणि मधला पट्टा पारदर्शक असलेली रिली. ही सगळी एकाच जातीतून निवड करत करत काढलेली रूपं आहेत. मूळ रानटी कोळंबी मातकट-पारदर्शक असते. त्यामुळे लाल आणि निळी एकत्र ठेवली की त्या खुशाल जुगतात आणि दोन-तीन पिढ्यांत टाकीभर मातकट प्रजा होते. रंगीबेरंगी टाकी मोहात पाडते खरी, पण पिल्लं वाढवायची असतील तर एका टाकीत एकच रंग.

क्रिस्टल रेड, क्रिस्टल ब्लॅक या पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या कॅरिडिना गटातल्या. त्यांना आम्लधर्मी, मऊ आणि थोडं गार पाणी लागतं. त्या चेरीपेक्षा नाजूक असतात असं म्हटलं जातं. खरं तर त्यांना चुकीला जागा कमी असते, एवढंच. चेरीची एक टाकी वर्षभर सुरळीत चालल्यावर त्यांच्याकडे वळावं. निओकॅरिडिना आणि कॅरिडिना यांचा आपसांत संकर होत नाही, पण दोघींचं पाणी वेगळं, म्हणून टाक्याही वेगळ्या.

आमानो कोळंबी (कॅरिडिना मल्टिडेंटाटा) शेवाळ खायला पटाईत. जपानी जलोद्यान-रचनाकार ताकाशी आमानो यांच्यामुळे ती जगभर पोचली. मादी टाकीत अंडी धरते, हजारोंनी धरते, पण अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात त्या थोड्याच दिवसांत मरतात. पिल्लांच्या आशेने आमानो घेऊ नये. इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या तळ्यांमधल्या जातींना २७ ते ३० अंशांचं गरम आणि अल्कधर्मी पाणी लागतं. त्यांचा संसार वेगळाच, इथे तो सोडून देऊ.

यापुढचं सगळं चेरी धरून लिहिलं आहे. कॅरिडिनासाठी फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

टाकी

२० लिटर ही खालची मर्यादा माना, ४० लिटर मिळत असेल तर उत्तम. कोळंबी एवढीशी, तिला ५ लिटरचा बरणीएवढा डबा पुरेल हा हिशोब फसवा आहे. कोळंबीला जागा कमी लागते हे खरं, पण थोड्या पाण्याचं तापमान आणि क्षारांचं प्रमाण पटकन हलतं, आणि तिला सोसत नाही ते हेच. उंच टाकीपेक्षा लांबट, पसरट टाकी बरी, कारण कोळंबी तळावर, पानांवर, काचेवर चरते. तिला पृष्ठभाग हवा असतो.

गाळणीसाठी स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप. याहून चांगलं काही नाही: पिल्लं ओढली जात नाहीत, हवा मिळते आणि स्पंजावर जमणारा थर कोळंब्यांचं कुरण होतो. हँग-ऑन (काठावर टांगायचा) किंवा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबा) फिल्टर वापरणार असाल तर पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक छिद्रांचा स्पंज घालाच. २ मिलिमीटरचं पिल्लू उघड्या जाळीतून सहज आत जातं. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं बाहेर येतं.

तळाला १ ते ३ मिलिमीटरची, पाण्यात न विरघळणारी खडी २ ते ३ सेंटिमीटर जाडीची. गडद खडीवर रंग खुलतो, पांढऱ्या वाळूवर त्याच कोळंब्या फिकट पडतात. कॅरिडिनासाठी अ‍ॅक्टिव्ह सॉइल घ्यावी. ती पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा) खाली धरून ठेवते, पण सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते आणि साधारण वर्ष-दीड वर्षात तिचा जोर संपतो. चेरीच्या टाकीत तिचा उपयोग नाही, केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार, गिळून ती पाणी अस्थिर करते.

झाडांमध्ये जावा मॉसला पर्याय नाही. मुठीएवढा गोळा तरी हवाच. सुरुवातीचे दिवस पिल्लं त्यातच काढतात. जोडीला जावा फर्न, अनुबियास, वर तरंगणारं थोडं हिरवं. झाडं आणताना मात्र एक धोका असतो: रोपवाटिकेत त्यांच्यावर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं, आणि जे किड्याला मारतं ते कोळंबीलाही मारतं. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली झाडं सुरक्षित. बाकीची बादलीत ठेवून रोज पाणी बदलत दोन आठवडे काढावीत, मग टाकीत.

आता वाट पाहण्याचा भाग, आणि सगळ्यात जास्त लोक घसरतात तो इथेच. टाकी भरली, फिल्टर चालू झाला, पाणी नितळ दिसलं, म्हणून कोळंब्या सोडायच्या नाहीत. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. हे जीवाणू स्पंजात वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २ भाग) न्यावा, दर दोन दिवसांनी मोजावं, संपला की पुन्हा घालावा. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य राहतो, तेव्हा जीवाणूंचं काम बसलं, यालाच चक्र बसणं म्हणतात. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणावा.

तरीही घाई नको. चक्र बसलेली टाकी आणि मुरलेली टाकी यात फरक आहे. काचेवरून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, मॉसवर तपकिरी-हिरवी झाक दिसते, काचेवर ठिपक्याएवढे जीव टुणटुण उड्या मारतात, म्हणजे टाकी मुरली. तो बुळबुळीत थर, बायोफिल्म, हेच पिल्लांचं पहिलं अन्न. तो नसेल तर मोठ्या कोळंब्या जगतात, अंडी फुटतात आणि पिल्लं उपासमारीने गायब होतात. तेव्हा चक्र बसल्यावर आणखी तीन-चार आठवडे टाकी दिवा लावून तशीच ठेवावी.

पाणी

चेरीला पीएच ६.५ ते ८, जीएच ६ ते १०, केएच २ ते ६, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) १५० ते २५०, तापमान २२ ते २५ अंश. कॅरिडिनाला पीएच ५.८ ते ६.८, जीएच ४ ते ६, केएच ० ते १, टीडीएस १०० ते १५०, तापमान २० ते २४ अंश.

यातला पीएच हा आकडा लोक सर्वांत जास्त चिवडतात, खरं तर चेरीच्या टाकीत त्याची काळजी सर्वांत कमी करावी. पीएच वर-खाली करणारी द्रावणं घालू नयेत. लक्ष द्यायचं ते जीएचकडे. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, कवचाचा कच्चा माल. तो ४ च्या खाली गेला की कवच मऊ आणि नीट न सुटणारं बनतं, फार वर गेला की इतकं टणक होतं की फटच पडत नाही. टीडीएस मीटर स्वस्त आणि झटपट म्हणून सगळे तोच बुडवतात, पण तो फक्त ‘किती’ सांगतो, ‘काय’ ते सांगत नाही. नायट्रेटने वाढलेला २०० आणि कॅल्शियमने आलेला २०० त्याला सारखाच दिसतो. जीएच आणि केएचचे थेंबांचे टेस्ट किट एकदा घ्याच.

नळाचं पाणी या मर्यादांत बसत असेल तर तेच वापरावं. त्यातलं क्लोरीन २४ तास हवा सोडून ठेवल्याने उडतं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही, त्यासाठी डिक्लोरिनेटर लागतो. साधा सोडियम थायोसल्फेट क्लोरामाइन तोडतो, पण त्यातला अमोनिया मागे राहतो. म्हणून दोन्ही बांधणारा डिक्लोरिनेटर बरा.

पाणी फार जड असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळायचं, साधी टक्केवारी: जीएच १६ चं निम्मं पाणी आणि निम्मं आरओ, जीएच ८. टाकी नुसत्या आरओ पाण्याने मात्र कधी भरू नये, त्यात कवचासाठी काहीच नसतं. त्यात तयार रीमिनरलायझर (खनिजांचं मिश्रण) घालता येतो, किंवा घरी मिश्रण करता येतं. १० लिटर आरओ पाण्यात कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट १.४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.६५ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट ०.९ ग्रॅम घातलं की जीएच ६ आणि केएच ३ मिळतो, टीडीएस १८० ते २०० च्या आसपास. कॅरिडिनासाठी बायकार्बोनेट वगळून पहिली दोन १.१५ आणि ०.५५ ग्रॅम घ्यावीत, जीएच ५ येतो. वजनकाटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, चमच्याने मापू नये. कॅल्शियम सल्फेट फार सावकाश विरघळतं. बादलीत एअरस्टोन सोडून रात्रभर फिरवत ठेवावं, तळाला पांढरा गाळ दिसत असेल तर ते पाणी अजून तयार नाही.

उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा क्षार आटत नाहीत. दोन सेंटिमीटर पातळी उतरली आणि तुम्ही नेहमीचं खनिजयुक्त पाणी वरून भरत गेलात, की टीडीएस आठवड्या-आठवड्याला चढत जातो. काही महिन्यांनी रोज एक-एक कोळंबी मरू लागते आणि कारण कळत नाही. आटलेल्या पाण्याच्या जागी नुसतं आरओ भरायचं. खनिजयुक्त पाणी फक्त पाणी बदलताना. ज्यांच्या टाक्या वर्षभराने ‘अचानक’ बिघडतात, त्यांनी आधी हेच तपासावं.

तापमान ३० च्या वर गेलं तर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि कोळंब्या पृष्ठभागाजवळ गोळा होतात. झाकण काढून पाण्यावरून छोटा पंखा फिरवला की तापमान काही अंशांनी उतरतं. बर्फ टाकू नये. अर्ध्या तासात चार अंशांची घसरण उकाड्यापेक्षा वाईट.

कोळंब्या आणणं आणि सोडणं

१० ते १५ घ्याव्यात, सेंटिमीटरभराच्या, अर्धवट वाढलेल्या. मोठ्या टपोऱ्या माद्या डोळ्यांत भरतात, पण कोळंबीचं एकूण आयुष्य एक ते दोन वर्षांचं, आणि पूर्ण वाढलेलीला नव्या पाण्याशी जुळवून घेणं जड जातं. लहानगी लवकर रुळते. घेताना त्या चरत आहेत का ते बघा: निरोगी कोळंबीचे पुढचे पाय सतत काहीतरी उचलून तोंडाशी नेत असतात. एका जागी गप्प बसलेल्या, अंग दुधी झालेल्या घेऊ नयेत.

घरी आल्यावर पिशवीतलं पाणी कोळंब्यांसकट छोट्या भांड्यात ओतावं आणि एअरलाइनच्या नळीने, गाठ मारून किंवा छोटा कॉक लावून, टाकीचं पाणी सेकंदाला दोन थेंब या वेगाने त्यात सोडावं. पिशवीत ३०० मिलिलिटर असेल तर भांड्यात सुमारे १ लिटर होईपर्यंत थांबावं. शेवटी दोन्हीकडचा टीडीएस मोजावा. फरक १० टक्क्यांच्या आत आला की जाळीने उचलून टाकीत सोडावं, भांड्यातलं पाणी फेकून द्यावं. कॅरिडिनासाठी वेग निम्मा. पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. येत्या दोन-तीन दिवसांत बऱ्याच जणी कात टाकतील, तो बदललेल्या पाण्याचा परिणाम. त्यात एखादी दगावणं शक्य आहे. रोज एक या हिशोबाने आठवडाभर मरत राहिल्या तर मात्र पाणी तपासा.

खाणं

मुरलेल्या टाकीत १५ कोळंब्यांना खाणं घातलंच नाही तरी त्या जगतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासांत संपेल इतकंच. गोळीचा वाटाण्याच्या चतकोराएवढा तुकडा पुष्कळ होतो. उरलेलं चिमट्याने काढावं. भाज्यांपैकी पालक, दुधी, काकडी, गाजराची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून मऊ करून घालावी, पाच-सहा तासांनी काढावी. भाजीवर फवारणी असू शकते, म्हणून साल काढलेली बरी.

सुकी देशी बदामाची पानं ही खरी चीज. खायच्या बदामाची नव्हेत, रुंद पानांच्या झाडाची. झाडावरून गळालेली, पूर्ण तपकिरी पानं धुऊन, २० लिटरला एक. तीन-चार आठवड्यांत पानाचा नुसता शिरांचा सापळा उरतो, इतकं त्या चरून काढतात. प्रथिनांचं खाणं आठवड्यातून एकदाच. रोज प्रथिनं घातली तर कोळंबी भराभर वाढते, कात वेळेआधी टाकते आणि कवच तयार नसतं.

पाणी बदलणं

आठवड्याला १० टक्के, जास्तीत जास्त १५. नवं पाणी त्याच तापमानाचं, त्याच टीडीएसचं, आणि बादलीने ओतायचं नाही: नळीने अर्ध्या तासात सोडायचं. माशांच्या टाकीची सवय असलेले लोक निम्मं पाणी धडाक्यात बदलतात आणि दुसऱ्या दिवशी तीन मेलेल्या काढतात. पाण्याची घडण एकदम बदलली की अनेक जणी एकाच वेळी, तयारी नसताना कात टाकायला लागतात. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जीवाणू मरतात.

टाकीत हात घालण्याआधी हाताला साबण, क्रीम, मच्छर पळवणारं औषध लागलेलं नाही ना, ते बघा. ज्या खोलीत टाकी आहे तिथे कीटकनाशक फवारू नका. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो, आणि घरगुती फवाऱ्यांमधली पायरेथ्रॉइड्स कोळंबीला अगदी थोड्या प्रमाणातही मारक. तांबं असलेली माशांची औषधंही तशीच. खोलीत फवारावंच लागलं तर पंप बंद करून टाकी झाका आणि खिडक्या उघडून हवा पूर्ण खेळल्यावर पंप लावा.

वीण

नर बारीक, फिकट, पोटाची खालची कड सरळ. मादी मोठी, गडद, पोटाची कड बाकदार आणि बाजूचे पत्रे खाली उतरलेले, अंडी झाकता यावीत म्हणून. मादी वयात आली की डोक्यामागे, पाठीवर पिवळा किंवा हिरवट डाग दिसतो, घोड्यावर खोगीर घालावं तसा. ही अंडाशयात तयार होणारी अंडी. गडद लाल कोळंबीत खोगीर दिसत नाही, मागून बॅटरीचा उजेड धरावा लागतो.

खोगीर भरलेली मादी कात टाकते तेव्हा पाण्यात गंध सोडते, आणि मग जे होतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. एरवी शांत चरणारे नर सगळे एकदम पोहायला लागतात, काचेला आपटत, चकरा मारत, टाकीभर. नवखा समजतो पाण्यात विष गेलं. पाणी बदलायला धावू नका. विषबाधेत माद्या, पिल्लं सगळ्याच वेड्यावाकड्या धावतात आणि मग कुशीवर पडतात. इथे फक्त नर धावतात आणि काही तासांत शांत होतात.

मीलनानंतर थोड्याच वेळात मादी अंडी पोटाखाली घेते. साधारण २० ते ३०, पहिलटकरणीची त्याहून कमी. पोटाखालच्या वल्ह्यासारख्या पायांनी ती त्यांना अखंड वारा घालते, मधूनच एखादं पुढच्या पायांनी उचलून साफ करते, खराब निघालं तर टाकून देते. सुरुवातीला अंडी पिवळी किंवा हिरवट, एकसंध. पुढे हळूहळू पारदर्शक होत जातात आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकात दोन काळे ठिपके दिसतात: डोळे. ते दिसले की फुटायला थोडे दिवस उरले. एकूण काळ तापमानावर: २२ अंशांना महिनाभर, २७ ला तीन आठवडे. गरम पाण्यात प्रजा लवकर वाढते म्हणून काही जण हीटर २८ वर ठेवतात. तो व्यवहार तोट्याचा. आयुष्य कमी होतं आणि गरम पाण्यात निपजणाऱ्या पिल्लांत नरांचं प्रमाण वाढतं. २३-२४ ला ठेवा, थोडे दिवस जास्त लागू देत.

मादीने अंडी टाकून दिली तर वाईट वाटून घेऊ नका. पहिलटकरणीत हे नेहमीचं. नर कमी असतील तर न फळलेली अंडीही ती झटकते. पण एकामागून एक माद्या अंडी टाकू लागल्या तर पाणी तपासा. अंडी धरलेल्या मादीला वेगळ्या टाकीत हलवू नका. नव्या पाण्याच्या धक्क्याने ती कात टाकेल आणि अंडी त्या कातीबरोबर जातील.

पिल्लं आईबापांचीच छोटी प्रतिकृती असतात, मधली अळीची अवस्था टाकीत दिसत नाही. २ मिलिमीटर, जवळजवळ पारदर्शक, मॉसच्या काडीला चिकटून बसलेली. पहिल्या आठवड्यात ती दिसलीच नाहीत तर शोधत बसू नका, मॉस उचकटू नका. टूथपिकच्या टोकावर मावेल इतकी बारीक भुकटी दोन दिवसांतून एकदा, पंपाच्या प्रवाहात सोडायची, म्हणजे सगळीकडे पसरते. मोठी कोळंबी चालत गोळीपर्यंत जाते, पिल्लू जात नाही, अन्नच त्याच्यापर्यंत जावं लागतं. या काळात पाणी बदलायचं प्रमाण ५ टक्क्यांवर आणा आणि काढायच्या नळीला कापड बांधा. अडीच-तीन महिन्यांत ही पिल्लं स्वतः वयात येतात.

टाकीत मासे असतील तर हा सगळा हिशोब मोडतो. गप्पी, बेट्टा, टेट्रा, तोंडात मावेल ते पिल्लू खातात. ऑटोसिंक्लस एवढा एक मासा भरवशाचा. गोगलगायी चालतात.

तीन-चार पिढ्यांनंतर रंग फिका पडू लागतो, कारण फिक्यांचीही पिल्लं होत असतात. दर महिन्याला फिक्या माद्या दुसऱ्या टाकीत काढा. नर निवडताना त्यांची तुलना माद्यांशी नव्हे, इतर नरांशी करा. नर मुळातच फिके. वर्षातून एकदा त्याच रंगाच्या पाच-सहा कोळंब्या दुसऱ्या वंशातून आणाव्यात, पण महिनाभर वेगळ्या ठेवून.

बिघडतं तेव्हा

डोकं आणि धड यांच्यामधून अंगाभोवती गोल पांढरी कडी दिसली तर कात अडकली आहे. कवच पाठीवर फाटण्याऐवजी सगळीकडून सुटलं आणि आता ते निघेना. अशी कोळंबी बहुधा वाचत नाही, ओढून कात काढायचा प्रयत्न करू नये. टाकीत बाकीच्यांना वाचवायचं असेल तर मागच्या दोन आठवड्यांत काय बदललं ते आठवा: मोठं पाणी बदललं, जीएच खाली गेला, की प्रथिनं रोज घातली?

काचेवर सरपटणारा, त्रिकोणी डोक्याचा, दोन डोळ्यांचा चपटा पांढरा किडा म्हणजे प्लॅनेरिया. तो पिल्लं खातो आणि अशक्त मोठ्यांनाही सोडत नाही. पाण्यात वळवळत पोहणारे दोऱ्यासारखे किडे निरुपद्रवी, ते फक्त जास्त खाणं घातल्याची चुगली करतात. प्लॅनेरियावर सुपारीच्या अर्काची तयार पावडर किंवा फेनबेंडाझोल चालतं. कोळंब्या ते सहन करतात, गोगलगायी नाही, म्हणून त्या आधी हलवाव्यात आणि औषधाचे अंश राहिलेल्या टाकीत लवकर परत आणू नयेत. मात्रा पाकिटावरच्या प्रमाणातच, आणि मेलेले किडे कुजून अमोनिया वाढतो, म्हणून औषधानंतर तीन दिवस रोज थोडं पाणी बदलावं. हायड्रावरही (काचेला चिकटून बसणारा, धाग्यांसारख्या सोंडांचा बारीक जीव) हेच.

नाकाच्या काट्यावर पांढरे हलणारे केसासारखे धागे म्हणजे स्कुटारिएला. एक कप टाकीच्या पाण्यात एक मोठा चमचा अ‍ॅक्वेरियमचं मीठ विरघळवून त्यात कोळंबीला ३० सेकंद बुडवून परत टाकीत सोडायची. याची अंडी टोपणाच्या आत, कल्ल्यांपाशी असतात आणि कातीबरोबर बाहेर पडतात. तेव्हा फक्त या एका दुखण्यात पडलेली प्रत्येक कात लगेच काढून टाकावी, एरवीचा नियम उलटा.

पोटाखालच्या पायांमध्ये पिवळट-हिरवा कापूस दिसला तर त्याला अंडी समजण्याची चूक होते. अंडी गोल आणि सुटी दिसतात, हा परजीवी कापसासारखा पसरतो. अशी कोळंबी ताबडतोब वेगळी काढा, तो दुसऱ्यांना लागतो.

एकदम, काही तासांत, अनेक मेल्या तर ती विषबाधा. त्याच टीडीएसच्या आणि तापमानाच्या पाण्याने निम्मं पाणी बदला, हवा वाढवा, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. हा एकच प्रसंग असा की जिथे मोठं पाणी बदलणं बरोबर ठरतं.

जास्तीच्या देताना

सहा-आठ महिन्यांत टाकी भरते. देण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद. पिशवीत एक तृतीयांश टाकीचंच पाणी, दोन तृतीयांश हवा, आत मॉसचा तुकडा: धरायला काही नसलं तर कोळंब्या प्रवासभर पोहून दमतात. नुकती कात टाकलेली किंवा अंडी धरलेली मादी देऊ नये. घेणाऱ्याला आपल्या पाण्याचा जीएच, केएच, टीडीएस चिठ्ठीवर लिहून पिशवीला चिकटवा.